डार्क रीडर: हिशेबाच्या स्क्रीनला काळी पाटी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. वय ५७. गेल्या वर्षी मोतीबिंदू निघाला, तोही भिंगाच्या मागच्या बाजूला, बरोब्बर मधोमध. उजेड वाढला की बाहुली आकसते आणि जे बघायचं ते त्या डागातूनच बघावं लागतं. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, डागाच्या कडेकडेनं दिसायला लागतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला उलगडलं, की पांढरीफट्ट साइट उघडली की इंग्रजी आकड्यांतले ३ आणि ८ सारखेच का दिसतात. ऑपरेशन साखर आटोक्यात आल्यावर. तोवर रिटर्न थोडीच थांबतात?

भाच्यानं ब्राउझरमध्ये डार्क रीडर नावाचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकून दिलं. क्रोम आणि फायरफॉक्सला फुकट, कोडही खुला. अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्समध्ये चालतं. कुठलीही साइट उघडा, पान काळपट, अक्षरं फिकी. अगदी कोळशासारखा काळा रंग देत नाही, करडा देतो, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात आवडली. मला चष्म्याचा सिलिंडरचा (तिरकस) नंबरही आहे. काळ्याकुट्टावर पांढरी अक्षरं फुलतात, मराठीत तर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. म्हणून मी कॉन्ट्रास्ट थोडा उतरवून सेपिया, म्हणजे पिवळसर झाक, २० वर ठेवलाय. जुन्या वहीच्या पानासारखी पिवळसर अक्षरं. चार वाजता डोकं धरायचं, ते थांबलं.

आता फजिती. सुताच्या व्यापाऱ्याच्या साइटवर शेड कार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांचा तक्ता, आहे. बायंडरच्या सुताला हवा होता मरून रंग. मी स्क्रीनवर बघून दुसऱ्याच नंबरची ऑर्डर टाकली. सुताचे कोन उघडल्यावर कारखान्यातले मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. ही गोष्ट मला आधी माहीत हवी होती: फोटो असेल तर रंग जसाच्या तसा राहतो, पण शेडचे चौकोन कोडनं रंगवलेले असतील तर तेही हा बदलून टाकतो. सूत परत गेलं, भाडं माझ्या खिशातून. आता रंगाचं काम निघालं की आधी ऑल्ट-शिफ्ट-डी दाबून बंद करतो. बँकेच्या साइटवरही बंदच. प्रत्येक पान वाचायची परवानगी हा मागतो, ती दिली असली तरी तिथं मन धजत नाही.

खरं तर हे काम साइटवाल्यांचं. मी कॉम्प्युटरला एकदा डार्क सांगितलं की ब्राउझर ते प्रत्येक साइटला कळवतो, पुढच्या चार रंगांच्या ओळी त्यांनी लिहायच्या. अक्षर आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ फरक हवा, असा वेबचा मान्य निकष आहे. तरी आमच्या रोजच्या एका साइटवर फिक्या करड्यावर पांढरी अक्षरं, आणि दुसरीकडे पारदर्शक चित्रातली काळी सही डार्कमध्ये गायबच होते. सही झाली की नाही ते बघायला मी पान पुन्हा पांढरं करतो, डोळे बारीक करून.

डार्क रीडरला माझे पाचात चार गुण. ज्या साइटला स्वतःचा डार्क आहे तिथं हा बंद ठेवा, दोन्ही चालू असले तर काही पानं विटकी दिसतात.

ऑपरेशन झाल्यावर काढून टाकणार का, भाचा विचारतो. दुसराही डोळा रांगेत आहे म्हटलं.