पोकर ट्रेनर ॲप, आठ महिन्यांनंतर: चेक करायला शिकायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला

आठ महिने झाले, रोज रात्री साधारण अर्धा तास मी एक पोकर ट्रेनर ॲप वापरतोय. ॲप एक डाव समोर ठेवतं. आपली दोन पानं, टेबलावरची पानं, पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) किती आहे, समोरच्याने आतापर्यंत काय केलं, हे सगळं दिसतं आणि प्रश्न एकच: आता काय करणार? चेक (चिप्स न लावता चाल पुढे देणं), बेट (चिप्स लावणं), कॉल (समोरच्याएवढंच लावणं), रेझ (त्याहून जास्त लावणं) की फोल्ड (पानं टाकून देणं)? उत्तर दिलं की ते सॉल्व्हरच्या (संतुलित चाल काढून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हिशोबाशी ताडून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतं. मी नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पानं, टेबलावर पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही) ऑनलाइन खेळतो, पण फुकटच्या चिप्सवर, पैसे लावून नाही. तरी हा खेळ नीट समजून घ्यावा असं मनापासून वाटतं, म्हणून हे ॲप घेतलं.

सुरुवातीच्या पानांचा तक्ता हा सोपा भाग. दोन पानांच्या जोड्या 1326 होतात, पण कोणता रंग (बदाम, किलवर वगैरे) हा भेद सोडून दोन्ही पानं एकाच रंगाची की नाही एवढंच पाहिलं तर प्रकार 169 उरतात. कुठल्या जागेवरून काय खेळायचं हे तीन-चार आठवड्यांत अंगवळणी पडतं. खरी परीक्षा फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर, सुरू होते.

एका डावाचा स्क्रीनशॉट मी अजून जपून ठेवलाय. मी बटनवर (फ्लॉपनंतर शेवटी चाल येते ती जागा), हातात बदाम एक्का आणि चौकट दश्शी. मी रेझ केलं, बिग ब्लाइंडने (सुरुवातीची मोठी सक्तीची बेट लावणाऱ्याने) कॉल केलं. फ्लॉपवर आले किलवर राजा, इस्पिक दश्शी, बदाम चौकी. म्हणजे माझी दश्श्यांची जोडी, सोबत एक्का. समोरच्याने चेक केलं, मी छोटी बेट लावली, कॉल आला. टर्नवर, म्हणजे चौथं पान, चौकट सत्ती. पुन्हा चेक, पुन्हा माझी बेट, पुन्हा कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान, किलवर दुर्री. समोरच्याने तिसऱ्यांदा चेक केलं आणि मी पाऊण पॉट लावून मोकळा झालो. स्क्रीन लालभडक.

मला पटेना. जोडी आहे, एक्का आहे, समोरचा तीनदा चेक करतोय, मग बेट का नको? दोन दिवस तो डाव डोक्यात घोळत होता. शेवटी कागद घेऊन समोरच्याकडे काय काय असू शकतं ते लिहून काढलं. राणी-गुलाम किंवा नव्वी-अठ्ठी असेल तर त्याची सिक्वेन्स झालेली नाही, तो बेट बघताच फोल्ड करणार. राजा असेल तर एवढ्या कोरड्या बोर्डवर (सिक्वेन्स किंवा एका रंगाची पानं न जुळलेल्या टेबलावर) तो सोडणार नाही. माझ्यापेक्षा हलकी पानं घेऊन पाऊण पॉटला कॉल करणारे म्हणजे राणी-दश्शी, गुलाम-दश्शी असे मोजकेच. थोडक्यात, माझ्या बेटने हरणारी पानं पळून जात होती आणि जिंकणारी तेवढी थांबत होती. रिव्हरला शेवटची चाल माझी होती. चेक केलं असतं तर पानं उघडली असती आणि फसलेल्या ड्रॉ (अर्धवट राहिलेल्या सिक्वेन्स), लहान जोड्या या सगळ्यांविरुद्ध पॉट एक चिपही जास्त न घालता माझाच होता.

त्या दिवसापासून बेट लावण्याआधी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. माझ्यापेक्षा हलकी कुठली पानं कॉल करतील? आणि माझ्यापेक्षा भारी कुठली फोल्ड करतील? दोन्हींचं उत्तर ‘कुठलीच नाही’ असेल तर चेक. मी चेकला कमजोरी समजत होतो. मधल्या ताकदीच्या पानांसाठी ती सगळ्यात उपयोगी चाल आहे, हे मला या ॲपमुळे कळलं.

फोल्डच्या बाबतीत माझी चूक निव्वळ गणिताची होती. आउट्स (आपला हात पूर्ण करणारी उरलेली पानं) मोजून त्यांना 4 ने गुणायचं हा ठोकताळा बहुतेकांना माहीत असतो. फ्लशला (एकाच रंगाची पाच पानं) एक पान कमी असेल तर आउट्स 9, म्हणजे सुमारे 35 टक्के. पण हे टर्न आणि रिव्हर अशी दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तेव्हाचं. मी टर्नवरही तेच 35 धरून बसायचो. तिथे एकच पान उरलेलं असतं, न दिसलेल्या 46 पैकी 9, म्हणजे जेमतेम 20 टक्के. आता समजा टर्नवर पॉट 80 आहे आणि समोरच्याने 40 लावले. मला 40 घालून 120 जिंकायचे आहेत, म्हणजे निदान 25 टक्के संधी हवी. ती नाही. फ्लश लागल्यावर रिव्हरला त्याच्याकडून सरासरी आणखी 45 चिप्स निघणार असतील तरच कॉल परवडतो, आणि त्या रंगाचं तिसरं पान टेबलावर उतरलं की समोरचा सहसा सावध होतो. शिवाय माझा फ्लश लहान पानांचा असेल तर लागूनही हरायची भीती आहेच. हे आकडे ॲपमध्ये बोटाखाली असतात, आता मात्र मी ते तोंडी करतो.

ब्लफचं (हलकी पानं असताना बेट लावून समोरच्याला फोल्ड करायला लावण्याचं) गणितही असंच पक्कं झालं. अर्धा पॉट लावून ब्लफ केला तर तो तीनपैकी एकदा चालला तरी भरपाई होते, पूर्ण पॉट लावला तर दोनपैकी एकदा चालावा लागतो. त्यामुळे बेटचा आकडा आता मी अंदाजाने टाकत नाही.

आता तक्रारी. पहिली म्हणजे ॲप कारण सांगत नाही. लाल दाखवतं आणि पुढच्या डावावर जातं. वर सांगितलेला कागद मला स्वतःच मांडावा लागला. नवख्या माणसाला इथे कोणी समजावणारं नसेल तर तो रंग पाठ करत बसेल. दुसरी, एका अपडेटनंतर माझ्या आधीच्या चार महिन्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या, आणि मदत कक्षाकडून ठरावीक साच्याचं उत्तर आलं. याचा मला खरोखर त्रास झाला, कारण कुठे चुकतो ते त्या नोंदींतूनच कळत होतं. तेव्हापासून महत्त्वाचे डाव मी वहीत उतरवतो.

‘70 टक्के चेक, 30 टक्के बेट’ अशी उत्तरं आली की सुरुवातीला मी गोंधळायचो. मग एक जुनी युक्ती वापरायला लागलो: घड्याळाचा सेकंद काटा बघायचा, पहिल्या 18 सेकंदांत असेल तर बेट, नाहीतर चेक. मनाच्या लहरीने निवडलं की समोरच्याला पॅटर्न सापडतो, काट्यात तो सापडत नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र सॉल्व्हरच्या पद्धतीतच आहे. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम (यात बेटचा आकडा ठरलेला असतो) जवळजवळ पूर्ण सोडवला. 2017 मध्ये कार्नेगी मेलनच्या लिब्रॅटस प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना दोघांच्या नो-लिमिटमध्ये 1,20,000 डावांत हरवलं. दोघांच्या खेळात संतुलित चालीला लांब पल्ल्यात कोणी हरवू शकत नाही. तिसरा खेळाडू आला की ती हमी राहत नाही, आणि माझं ॲप फ्लॉपनंतर दोघांचेच डाव दाखवतं. फुकटच्या टेबलावर तर चार-चार जण फ्लॉप बघतात आणि तळाच्या जोडीवर रिव्हरपर्यंत कॉल करत जातात. अशांच्या समोर ॲपने हिरवे दाखवलेले ब्लफ मी सोडून दिले आणि चांगली पानं आली की बेट मोठी केली. ॲपशी जुळत नाही, पण त्या टेबलावर हेच योग्य आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. चालू डावात हे ॲप शेजारी उघडून बसू नका. मोठ्या साइट्सवर ते नियमाविरुद्ध आहे आणि खाती बंद होतात. शिवाय समोर बसलेल्या माणसाची ती फसवणूक आहे. खेळ संपल्यावर, अडलेले दोन-तीन डाव घालून बघा, त्यातच खरा अभ्यास होतो.

मी पुढच्या वर्षासाठी नूतनीकरण केलंय. टर्नवर समोरून चेक-रेझ (आधी चेक, मग माझ्या बेटवर रेझ) आला की माझं अजून चुकतं: एका जोडीवर मी चिकटून राहतो आणि ॲप फोल्ड सांगतं. सध्या रोजचा अर्धा तास फक्त त्याच प्रकारचे डाव लावतोय.