गावासाठी आधी काय धरायचं: आदर्शगाव, स्पर्धेचं बक्षीस की पंचवीस-पंधराचा निधी?

ग्रामपंचायतीची नवीन बॉडी बसली की पहिल्या दोन-तीन महिन्यातच हा विषय निघतो. सरपंच, भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, चार जाणती माणसं बसलेली असतात आणि प्रत्येकाचं वेगळं चालू असतं, एक म्हणतो आमदारांकडून पंचवीस-पंधरामधून रस्ते आणू, दुसरा म्हणतो स्पर्धेत उतरू, आणि हिवरेबाजार बघून आलेलं एखादं पोरगं म्हणतं आपण आदर्शगाव का नाही करत. मी पाच वर्ष सदस्य होतो, तिन्ही बाजूंनी हात घालून झालाय, त्यामुळे जे कळलं ते सरळ लिहितो. तुमच्या गावाला उपयोग झाला तर बरंच आहे.

आधी पंचवीस-पंधरा, कारण सगळ्यात जास्त ओढ त्याचीच असते. 2515 हे खरं तर बजेटमधलं लेखाशीर्ष आहे, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या मूलभूत सुविधांसाठी. अंतर्गत रस्ता, गटार, सभामंडप, स्मशानभूमीचं शेड, पेव्हर ब्लॉक असली कामं यातून होतात. चांगली गोष्ट अशी की गावाला काहीच सोडावं लागत नाही, कोणाची शेळी बंद होत नाही, कोणाची बोअर बंद होत नाही, शिफारस झाली आणि मंजुरी आली की काम सुरू. पण काम कुठलं हे बरेचदा गावाच्या गरजेपेक्षा शिफारशीवर ठरतं. आमच्याकडे एकाच गल्लीत दोनदा ब्लॉक बसले आणि मागच्या वस्तीला मात्र पावसाळ्यात चिखलातूनच जावं लागायचं. रस्ता हवाच, त्याला नावं ठेवत नाही, आजारी माणूस बाजेवर न्यायला लागतो त्यांनाच रस्त्याची किंमत माहितीय. पण रस्ता झाल्यामुळे मुंबई-पुण्याला गेलेली पोरं परत आली असं मी तरी बघितलं नाही. गावात मिळकत वाढायला पाहिजे असेल तर हा निधी त्यासाठी नाही एवढं डोक्यात ठेवा.

आता स्पर्धा. महाराष्ट्राला ही सवय लावली ती संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने, 2000-01 मध्ये, आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना, आणि त्या वेळी खरंच माणसं हातात झाडू घेऊन बाहेर पडली होती. पुढे 2016 ला स्मार्ट ग्राम योजना आली, तिलाच नंतर आबांचं नाव देऊन सुंदर गाव केलं, तालुक्यात पहिलं आलं तर 20 लाख आणि जिल्ह्यात पहिलं आलं तर 50 लाख. गुण मिळतात ते स्वच्छता, व्यवस्थापन, दायित्व, अपारंपरिक ऊर्जा-पर्यावरण आणि पारदर्शकता-तंत्रज्ञान यावर. मग 17 सप्टेंबर 2025 ला मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं, त्यात राज्यात पहिल्या ग्रामपंचायतीला 5 कोटी ठेवले आणि तालुक्यात पहिलीला 15 लाख.

आकडे ऐकून डोळे मोठे होतात पण जरा हिशोब करा. राज्यात 28 हजाराच्या आसपास ग्रामपंचायती आणि ग्रामीण तालुके साडेतीनशेच्या घरात, म्हणजे सरासरी तालुक्यात 80 ग्रामपंचायती. त्यातल्या पहिल्या तीनात यायचं. शिवाय हे पैसे आधी मिळत नाहीत, गावाने स्वतःच्या खिशातून, लोकवर्गणीतून, श्रमदानातून करायचं आणि मग तपासणी होऊन नंबर आला तर बक्षीस. बक्षीस धरून उधारीवर कामं काढाल तर फसाल, हे अगदी कळकळीने सांगतो.

तरीपण स्पर्धेत उतरू नका असं माझं म्हणणं नाही. गुणांसाठी का होईना घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली होते, रेकॉर्ड नीट लागतं, हे नंबर आला नाही तरी गावातच राहतं. पाटोद्याचं उदाहरण सगळ्यांना माहितीय, संभाजीनगरजवळचं, भास्करराव पेरे पाटलांचं गाव, तिथं कर वेळेवर भरला की दळण फुकट. एवढी साधी गोष्ट, पण त्याने पंचायतीच्या हातात स्वतःचा पैसा आला. स्वतःचा पैसा असला की निधीसाठी दर वेळी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आता आदर्शगाव, आणि इथं मी जास्त लिहिणार कारण इथंच लोक अर्धवट माहितीवर उडी मारतात. राज्य सरकारची ही योजना 1992 पासूनची, राळेगणसिद्धीचं काम बघून काढलेली. गावाने ग्रामसभेत ठराव करून काही बंधनं स्वतःवर घ्यायची: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी म्हणजे कुटुंबनियोजन, श्रमदान, लोटाबंदी म्हणजे उघड्यावर शौचाला बंदी, आणि बोअरवेलबंदी. सोबत एक स्वयंसेवी संस्था लागते. मग समिती गाव बघायला येते, श्रमदान खरं आहे का फोटोपुरतं ते बघते, आणि निवड झाली तर माथा ते पायथा पाणलोटाचा, म्हणजे डोंगरापासून खालपर्यंत पाणी अडवण्याचा, आराखडा करून त्याला निधी मिळतो. बाकीची कामं वेगवेगळ्या खात्यांच्या योजना जोडून करायची.

म्हणजे इथं आधी वागणं बदलायचं आणि नंतर पैसा. वेळ लागतो, वर्ष-दोन वर्षात रिझल्ट मागणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

हिवरेबाजारला पोपटराव पवार 1989 ला बिनविरोध सरपंच झाले, आणि गाव योजनेत आलं ते नव्वदच्या दशकात. पाऊस तिथं साधारण 400 मिलिमीटर, बरा म्हणावा असाही नाही. 1995 ला गावातली 168 कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती आणि 1998 च्या सर्व्हेत 53 राहिली. आणि हे फक्त बंधारे बांधून झालं नाही हे लक्षात घ्या, पाणी अडवल्यावर ते वापरायचं कसं हे पण गावानेच ठरवलं, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, कमी पाऊस झाला तर रब्बीचं क्षेत्र आवरतात, ऊस-केळीला नाही म्हणतात, शेतीसाठी बोअर नाही. बंधारे कुठल्याही गावात कॉन्ट्रॅक्टर बांधून देईल, शेजारच्याने बोअर मारली तर त्याला थांबवणार कोण हा खरा प्रश्न आहे.

आता जी गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही ती. चराईबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. बागायतदाराला काही फरक नाही, त्याची जनावरं गोठ्यात. ज्याच्याकडे जमीन नाही आणि 15 शेळ्या आहेत त्याचं पोट त्या डोंगरावर आहे. ठराव हात वर करून पास होतो पण तो माणूस त्या दिवशी सभेला नसतोच, शेळ्यांमागं गेलेला असतो. आमच्याकडे ठराव यामुळेच मोडला, सहा महिन्यात परत जनावरं डोंगरावर गेली, आणि मी त्या लोकांना दोष देत नाही, आम्हीच त्यांच्याशी आधी बोललो नव्हतो. हिवरेबाजारात मोकळं चारायला बंदी पण गवत कापून न्यायला मुभा, अशी काहीतरी वाट बंदीच्या आधी काढावी लागते. पहिली दोन वर्ष चारा कुठून येणार हे ठरलं नसेल तर ठराव घेऊच नका.

एक चौथा रस्ता आहे, गावाऐवजी शेतकरी गट किंवा कंपनीसाठीचा. बाळासाहेब ठाकरे स्मार्ट प्रकल्प, 2100 कोटींचा, त्यात जागतिक बँकेचे 1470 कोटी आणि राज्याचे 560 कोटी. गोदाम, प्रतवारी, प्रक्रिया असल्या कामाला 60 टक्के अनुदान, उरलेले 40 टक्के तुमचे. (वरच्या स्मार्ट ग्रामशी याचा संबंध नाही, नाव सारखं म्हणून बरेच लोक गोंधळतात.) पाणी आहे, माल निघतो, पण व्यापारी भाव पाडतो, अशा गावाला हा धरण्यासारखा आहे. सध्या अर्ज घेतात का ते कृषी खात्याच्या 'आत्मा' ऑफिसात विचारा. पण माल कोण घेणार ते नक्की नसताना 40 टक्क्यांसाठी कर्ज काढू नका, शेड उभं राहतं आणि हप्ते चालू होतात.

मग निवडायचं कसं? मी तरी एप्रिलमधल्या विहिरी बघून ठरवेन. मार्च-एप्रिलला टँकर लागत असेल तर आदर्शगावच, आणि तोपर्यंत पंचवीस-पंधरामधून फक्त अडलेल्या वस्तीचा रस्ता मागा, कमान-बिमान नको. पाणी बरं आहे पण पंचायतीची वसुली 40 टक्क्यावर अडकलीय, दप्तर विस्कळीत आहे, तर स्पर्धेत उतरा, बक्षिसाची आशा बाजूला ठेवून. आणि गावात दोन पार्ट्यांचं भांडण टोकाला गेलेलं असेल तर आदर्शगावचा ठराव आता आणू नका, दुसरी पार्टी मुद्दाम झाडं तोडायला कुऱ्हाड घेऊन जाईल.

ठराव आणायचाच असेल तर नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, विषय तिथं पहिला मांडा. सरपण आणि शेळ्या, दोन्हीचं काम घरात बायकांकडेच असतं, आणि दारूबंदीवर कोण किती ठाम आहे तेही तिथंच कळेल.