उसावर काम करताय? नकाशा केगचा की प्लांटसिकचा

तोडून तीन-चार दिवस पडलेल्या उसाच्या गुळाचा रवा नीट बसत नाही, हे आपल्याकडचा कुठलाही गुळव्या सांगेल. त्याचं एक मोठं कारण इन्व्हर्टेज. हे विकर सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करताना ऊस घेतलात, की लगेच प्रश्न येतो: चयापचयाचा नकाशा, म्हणजे कुठलं विकर कशाचं काय करतं हे दाखवणारी आकृती, कुठला धरायचा?

असे नकाशे देणारे दोन ऑनलाइन संग्रह म्हणजे केग (KEGG) आणि प्लांटसिक (PlantCyc). दोन्हीकडे इन्व्हर्टेजच शोधून बघा, फरक दिसेल.

केग हा जपानमधल्या क्योटो विद्यापीठात 1995 साली सुरू झालेला संग्रह. स्टार्च आणि सुक्रोजचा त्यातला नकाशा क्रमांक 00500. इन्व्हर्टेज तिथे 3.2.1.26 या विकर-क्रमांकाची नुसती चौकट. शेजारी ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज ही बाकीची कर्बोदकंही, कारण हा नकाशा जिवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांचा सामायिक आहे. उसाची जवळची नातलग ज्वारी निवडली, की तिच्यात जनुक सापडलेल्या चौकटी हिरव्या होतात. ती हिरवी चौकट हाच पुरावा समजून मी पहिल्या वर्षी सेमिनारला उभा राहिलो होतो. सरांनी एवढंच विचारलं, "हे ज्वारीत कुणी मोजलंय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिरवा रंग जनुकाच्या क्रमातल्या साम्यावरून येतो, प्रयोगावरून नाही.

प्लांटसिक हा प्लांट मेटाबॉलिक नेटवर्कचा, फक्त वनस्पतींचा संग्रह. इथे सुक्रोज सिंथेज या दुसऱ्या विकरावाटे होणारं सुक्रोजचं विघटन वेगळं आणि इन्व्हर्टेजवाटे होणारं वेगळं. अशा प्रत्येक मार्गाबरोबर जाणकारांनी शोधनिबंध वाचून लिहिलेलं टिपण आणि त्या निबंधांचे संदर्भ. पुराव्याचं चिन्हही असतं: चंबू म्हणजे प्रयोग झालाय, संगणक म्हणजे अंदाज. एकेका पिकाच्या पानावर संगणकच जास्त भेटतो, पण निदान तो लपवलेला नसतो. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

भातावर काम असेल, समजा आजरा घनसाळवर, तर प्लांट रिअॅक्टोम हा तिसरा संग्रह आधी उघडा. त्याचा पायाच भात आहे. बाकीच्या पिकांचे मार्ग भातावरून बेतलेले.

आता निवड. हजारो जनुकांची यादी हातात आहे आणि कुठल्या मार्गात हालचाल दिसते एवढंच बघायचंय, तर केग घ्या; काम झटपट होतं. मात्र सगळा विदा (डेटा) एकगठ्ठा उतरवायला 2011 पासून वर्गणी लागते, ब्राउझरवर बघायला नाही. पण प्रयोगशाळेत एखादं विकर स्वतः मोजणार असाल, तर मी प्लांटसिकच सांगेन, आणि टिपणाखालचे निबंध उघडून वाचा. उसात इन्व्हर्टेज एक नाही: रिक्तिकेतलं आणि पेशीभित्तिकेतलं आम्लधर्मी, पेशीद्रवातलं उदासीन. केगच्या चौकटीवर विसंबून पीएच 7 चा एकच बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) केलात, तर आम्लधर्मी इन्व्हर्टेजची क्रिया फारच कमी मोजली जाईल. त्याला साधारण 5 चा वेगळा बफर करावा लागतो.