आयडीफिक्स : चादरीच्या सर्वेक्षणासाठी वापरून पाहिलेलं 'आर'चं पॅकेज

मामांचं सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरीचं दुकान आहे. "अगं, गिऱ्हाईक फक्त भाव बघतं," हे त्यांचं ठाम मत. मला ते तपासायचं होतं, गिऱ्हाइकाला दोन-दोन चादरी दाखवून 'यातली कोणती घ्याल?' असं विचारून. भावाच्या तीन पायऱ्या, आकाराच्या तीन, रंगाचा पक्केपणा आणि सूत प्रत्येकी दोन. म्हणजे ३६ प्रकारच्या चादरी, आणि दोन-दोनच्या जोड्या ६३०! दुकानात उभ्या माणसाला इतकं कोण विचारणार?

आयडीफिक्स त्यातून हव्या तेवढ्याच जोड्या निवडून देतं, मी १२ घेतल्या. 'आर' या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं हे पॅकेज फुकट आहे. उत्तरांवरून काढलेले अंदाज जास्तीत जास्त नेमके यावेत अशा जोड्या ते अदलाबदल करत शोधतं.

खरी मेख आहे ती आधीच्या अंदाजांत, म्हणजे गिऱ्हाईक कशाला किती महत्त्व देईल याचे जे आकडे पॅकेजला आधीच द्यायचे असतात त्यांत. पहिल्यांदा मी सगळे शून्य दिले, तर दोन जोड्यांत एकच चादर स्वस्तही आणि रंगाला पक्कीही निघाली. असला प्रश्न वायाच, कारण उत्तर आधीच ठरलेलं. मग ३० गिऱ्हाइकांची छोटी चाचणी घेतली, त्यातून आलेले आकडे आणि त्यांची अनिश्चितता दोन्ही भरले. आता जोड्या चुरशीच्या आल्या. एक आजी तर पाच मिनिटं दोन चादरींत अडकल्या होत्या. मला फार बरं वाटलं. 'दोन्ही नकोत' हा पर्यायही ठेवता येतो. तो ठेवाच, रिकाम्या हाताने परतणारी माणसंही मोजली जातात.

मराठीत चित्रांसह कार्डं मात्र स्वतःच बनवावी लागली, आणि 'आर' अजिबात येत नसेल तर आधी आठवडाभर ते शिका.