शब्दयादी की जुनी कादंबरी : इंग्रजी शब्दसंग्रहासाठी काय घ्यावं?

नागपुरात बर्डीवर जुनी पुस्तकं चाळताना हा प्रश्न पडतोच. एका हातात शब्दयादीचं जाडजूड पुस्तक, दुसऱ्या हातात पिवळ्या पानांची इंग्रजी कादंबरी. घ्यायचं काय?

आधी परीक्षा बघा. एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, सरकारी नोकरभरतीच्या) पेपरात समानार्थी, विरुद्धार्थी, अनेक शब्दांबद्दल एक शब्द असे थेट प्रश्न येतात. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर सरळ यादी घ्या आणि अभ्यासिकेत बसून पाठ करा. तेवढ्या वेळात कादंबरी पुरी पडणार नाही. परदेशातल्या उच्चशिक्षणासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेचं वेगळं आहे. तिथले विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 2011 मध्येच गेले. आता शब्द वाक्यात बसवावा लागतो आणि नुसती यादी नेमकी तिथे तोकडी पडते.

'प्राइड' आणि 'व्हॅनिटी' हेच घ्या. बऱ्याच याद्यांत दोन्हींपुढे 'गर्व' लिहिलेलं सापडेल. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (1813) पाचव्याच प्रकरणात मेरी नावाची नायिकेची बहीण यातला फरक सांगते. आपण स्वतःला काय समजतो, ते प्राइड. लोकांनी आपल्याला काय समजावं असं वाटतं, ती व्हॅनिटी. मग पुढची सगळी कादंबरी माणसं दाखवून तो फरक मनात मुरवते. असा शिकलेला शब्द विसरत नाही, आणि कुठे वापरायचा हेही कळतं. माझा कौल म्हणूनच कादंबरीला आहे, हाताशी निदान सहा महिने असतील तर.

पण कोणती? डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' 1860-61 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली, त्यामुळे गोष्ट ओढून नेते. अडचण बोलीची आहे. पहिल्याच प्रकरणातला कैदी खाण्याला 'विटल्स' म्हणतो, आणि हा शब्द तुम्हाला कुठल्याच पेपरात कामाचा नाही. किपलिंगचं 'जंगल बुक' (1894) आपल्याला जवळचं, कारण त्यातले डोंगर आपल्या शेजारच्या शिवनीचे आणि नदी वैनगंगा. जरूर वाचा, आनंदासाठी. त्यातलं 'दाउ' आणि 'दी' (जुन्या वळणाचे 'तू' आणि 'तुला') आज कुणी बोलत नाही.

ऑस्टिनची वाक्यं लांब असली तरी नीट बांधलेली आहेत. एकूण 61 प्रकरणं, बरीचशी छोटी. रोज एक वाचलं तरी दोन महिन्यांत पुस्तक संपतं. एक सावधगिरी मात्र हवी. काही शब्दांचा रंग दोनशे वर्षांत बदललाय. 'कंडिसेन्शन' तिथे थोरामोठ्यांची कौतुकास्पद कृपा, आज मात्र तो तुच्छतेचा सूर. म्हणून वहीत उतरवलेला प्रत्येक शब्द आजच्या शब्दकोशात ताडून बघा.

अडलेला प्रत्येक शब्द शोधू नका, गोष्ट मरते. दुसऱ्यांदा भेटला की शोधा, आणि वहीत एकटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहा. पैशाची चिंता नको, या कादंबऱ्यांचा कॉपीराइट संपलेला आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात.

पहिली पाच प्रकरणं वाचून बघा. ओळीओळीला अडखळत असाल तर ऑस्टिन बाजूला ठेवा आणि ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' (1945) घ्या. दहाच प्रकरणं, भाषा स्वच्छ. नवे शब्द कमी मिळतील, पण इंग्रजी सलग वाचायची सवय त्यातून लागते. ती लागली की पुन्हा मेरीच्या पाचव्या प्रकरणाकडे या.