सिंगापूर: सिलोसो, फोर्ड फॅक्टरी आणि क्रांजी, वेळ कमी असेल तर काय बघाल

आपले लोक सेंटोसावर युनिव्हर्सल स्टुडिओ करतात, फारतर केबल कार, आणि परत येतात. पण त्याच बेटाच्या पश्चिम टोकाला फोर्ट सिलोसो आहे आणि तो चक्क फुकट आहे (सिंगापुरात फुकट, बघा म्हणजे!). जंजिरा-सिंधुदुर्ग डोक्यात ठेवून जाऊ नका, तसले तट-बुरुज नाहीत, इंग्रजांनी 1870 च्या दशकात बंदराच्या तोंडावर राखणीला बसवलेलं ठाणं ते, त्यामुळे तोफा, दारूगोळ्याची कोठारं, बोगदे असा सगळा मामला. वर जायला लिफ्ट आणि झाडांच्या शेंड्यांवरून स्कायवॉक आहे, आई-बाबांना सहज जमेल, समुद्रातली जहाजं मस्त दिसतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जपान्यांपुढे पत्करलेल्या शरणागतीच्या प्रसंगाचे मेणाचे पुतळे मला फार भावले नाहीत, पोरं मात्र रमतात.

तोफांची तोंडं समुद्राकडे होती नि जपानी मागून आले म्हणून सिंगापूर पडलं, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं. बऱ्याच तोफा वळवता येत होत्या, त्यांनी जमिनीकडे मारा केलाही, पण गोळे मुख्यतः जहाजांचं चिलखत फोडायचे, पसरलेल्या पायदळापुढे त्यांचा काय उपयोग!

खरा विषय कळतो तो बुकित तिमाच्या जुन्या फोर्ड फॅक्टरीत. 15 फेब्रुवारी 1942 ला इंग्रज सेनापती पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशितापुढे शरणागती पत्करली ती इथेच, आणि गंमत म्हणजे यामाशिताकडे माणसं कमी होती, दारूगोळाही संपत आला होता, तरी त्याने समोरच्याला दमात घेऊन सही करवली. इकडे शहरातलं पाणी तुटत चाललेलं. टेबल दिसतं ती नक्कल आहे, अस्सल ऑस्ट्रेलियात. 2017 ला इथल्या गॅलरीच्या नावात 'स्योनान' घातलं होतं, जपान्यांनी शहराला दिलेलं नाव, लोक एवढे भडकले की काही दिवसांतच बदलावं लागलं. वाचायला भरपूर आहे, घाईत जाऊ नका.

पण मला विचाराल तर एकच ठिकाण करायचं असेल तर क्रांजीचं युद्धस्मारक. एमआरटीने (तिथली मेट्रो) क्रांजी स्टेशनला उतरा, तिथून थोडं चालणं, सावली कमी म्हणून सकाळीच जा. साडेचार हजारांच्या आसपास कबरी आणि वरच्या स्मारकाच्या भिंतींवर 24 हजारांहून जास्त नावं, ज्यांची कबरच नाही त्यांची, पलटणीनुसार कोरलेली. भारतीय पलटणींची नावं वाचता वाचता किती वेळ जातो कळत नाही. मोठ्या स्मारकाच्या मागे एक छोटं स्मारक आहे, बहुतेक जण तिकडे न जाताच वळतात, तसं करू नका. तिथे जवळपास 800 जणांची नोंद आहे, बहुतेक भारतीय फौजेतले, ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला. घराण्यातलं कोणी त्या युद्धात गेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाईटवर आधी नाव शोधून जा, भिंतीवरची जागा सापडते.

संध्याकाळी मुस्तफात खरेदीला जाणारच आहात तर शेजारच्या फॅरर पार्कात चक्कर मारा. शरणागतीनंतर दोन दिवसांनी हजारो भारतीय युद्धकैद्यांना इथे गोळा करून जपान्यांच्या ताब्यात दिलं आणि आझाद हिंद फौजेची हाक दिली ती याच मैदानात.

सिलोसोला 3.5 स्टार, फोर्ड फॅक्टरी 4, क्रांजी 5.