निकॉन एफएम२ आणि साताऱ्याची रात्र : वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी सेकंडहँड निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा घेतला, ५० मिमी एफ/१.८ लेन्ससकट. आता बाजारात आंबे आलेत. एवढ्या काळात तो बहुतेक वेळा दिवेलागणीनंतरच बाहेर काढला: राजपथ, मोती चौक, राजवाड्याची चौपाटी. फिल्म एकच, कृष्णधवल इल्फर्ड एचपी५ प्लस. ती ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची क्षमता), मी १६०० धरून वापरतो.

रात्रीसाठी हा कॅमेरा मला मनापासून पटला तो उजेड मोजणाऱ्या मीटरमुळे. पेंटॅक्स के१००० सगळे सुचवतात, दिवसा तो उत्तमच आहे. पण त्याच्या मीटरची सुई अंधारात दिसत नाही. १९८२ साली आलेल्या एफएम२ मध्ये लाल दिवे आहेत, अधिक, शून्य आणि उणे, ते काळोखातही स्वच्छ दिसतात. शटरचा आकडा मात्र दिसत नाही, डायलच्या खटक्यांवरून ओळखायचा. सेल संपले तर फक्त मीटर बंद पडतो, शटर चालूच राहतं.

पण मीटरचं सगळं ऐकायचं नाही. पेढ्यांच्या दुकानातली ट्यूब चौकटीत आली की त्याला उजेड भरपूर वाटतो आणि गिऱ्हाइकाचा चेहरा काळा पडतो. मी त्याच उजेडात तळहात धरून मोजतो आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त देतो. आता जागांचे आकडेच पाठ झालेत. मोती चौकात दुकानांसमोर लेन्सचं छिद्र एफ/२.८ ला आणि शटर १/१२५ सेकंद, चौपाटीवर खाऊच्या गाड्यांच्या दिव्यात १/६०, खालच्या रस्त्याच्या बोळांत लेन्स पूर्ण उघडून १/३०, तेही भिंतीला टेकून.

खरी कसोटी फोकसची. एफ/२.८ ला ३ मीटरवर जेमतेम ६० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, त्यामुळे अंदाजे अंतर लावून चालता चालता टिपायची दिवसाची पद्धत इथे चालत नाही. स्प्लिट इमेजला (फोकस जुळला की दुभंगलेलं चित्र जुळतं ती सोय) उभी रेघ लागते: गाड्याचा खांब, दाराची चौकट, शर्टाची बटणपट्टी. डोसेवाला तव्यावर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तो सरळ होतो तिथे आधीच फोकस लावून थांबायचं. हे थांबणं मला फार आवडतं.

१६०० ला पुश केलं, म्हणजे फिल्म जास्त वेळ धुतली, म्हणून सावलीत काही नवं उमटत नाही. काळं ते काळंच राहतं, कॉन्ट्रास्ट आणि दाणा वाढतो. आयडी-११ हा डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) न पातळ करता २० अंशांना १४ मिनिटं. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट, म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या परातीत ठेवावी लागते. रंगीत फिल्मच्या वाटेला रात्री मी जात नाही. एलईडी, ट्यूब आणि पिवळा बल्ब एकाच चेहऱ्यावर पडले की त्वचेचा रंग हाती लागत नाही.

घेणार असाल तर मागच्या दाराचा उजेड अडवणारा फोम चिकट झालाय का पाहा, आणि १/८, १/१५ या वेगांना शटरचा आवाज ऐका. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांनी आधी हातात धरूनच ठरवावं: मीटर चालू राहायला फिल्म पुढे सरकवायची दांडी थोडी बाहेर ओढलेली लागते आणि ती कपाळाला टोचते.